आधी मैत्रिणींवर, मग वर्गावर

वर्गात हाताने करायचा कुठलाही नवा उद्योग काढायचा असेल, तर तो आधी मैत्रिणींवर करून बघा. घरच्यांवर नको. ते "छान आहे हं" म्हणून पाच मिनिटांत उठून जातात. मैत्रिणी तसं करत नाहीत. त्या दुसरीच्या कागदात डोकावतात, गोंद सांडतात, पाळी चुकली म्हणून भांडतात आणि "असं केलं तर चालेल का गं?" हे दर दोन मिनिटांनी विचारतात. पाचवीचा वर्ग याहून वेगळा काय असतो?

मी पाचवीची वर्गशिक्षिका. सगळे विषय शिकवते, पण जीव अडकलेला असतो तो चित्रकलेच्या तासात. आम्ही सहा-सात जणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. माझ्या पिशवीत या वेळी काय आहे, हे बघितल्याशिवाय कुणी धड बसत नाही. एक बँकेत आहे, एक फिजिओथेरपिस्ट, एक दिवसभर लोकांचे हिशेब तपासते. शाळा सुटल्यापासून कुणी ब्रश हातात धरलेला नाही. चाचणी घ्यायला याहून चांगली माणसं मिळायची नाहीत.

पथ्य एकच पाळायचं. वर्गात जी सूचना देणार आहात तीच, तेवढ्याच शब्दांत द्यायची आणि मग गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, शिक्षकाला गप्प बसवत नाही. पण पहिला प्रश्न कुठे येतो, तेच तर बघायचं असतं. हिशेबवाली जिथे "म्हणजे नक्की कुठपर्यंत?" म्हणते, तिथे वर्गात तीस-चाळीस हात वर येणार हे नक्की. ती जागा लगेच वहीत टिपून ठेवा आणि सूचनेचं वाक्य तिथेच दुरुस्त करा. वेळही टिपा, पण तो तसाच धरू नका. मुलं चित्र मोठ्यांपेक्षा लवकर काढतात. त्यांचा वेळ जातो तो साहित्य वाटण्यात, "मला निळाच हवा" यात आणि हात धुवायला जाऊन परत न येण्यात.

आणि नमुना करून नेऊ नका. फळ्यावर एक सुंदर नमुना लावला, की तासाच्या शेवटी त्याच्याच चाळीस फिकट प्रती हातात येतात. कृती दाखवायची, तयार चित्र नाही.

घडीचा प्राणी

माझा सगळ्यात लाडका उद्योग हा. साहित्य म्हणजे एक कागद आणि एक पेन्सिल. १९२५च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ, इव्ह तांगी, जाक प्रेव्हेर ही कवी-चित्रकार मंडळी जमायची आणि एकमेकांचं न बघता एकाच कागदावर आधी शब्द, मग चित्रं रचायची. थोडक्यात, मित्रांच्या अड्ड्यावरच रुजलेला खेळ. त्यांनी दिलेल्या नावात प्रेत येतं, म्हणून मी वर्गात नुसतं 'घडीचा प्राणी' म्हणते.

ए-फोर कागद उभा धरून आडव्या घड्या घालायच्या आणि तीन सारखे भाग करायचे. कागदाची उंची २९७ मिलिमीटर असते, म्हणजे प्रत्येक भाग साधारण दहा सेंटिमीटरचा. ठरलेली पद्धत अशी, की पहिल्याने डोकं काढायचं, घडी घालून झाकायचं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय. मी हे उलटं करते. पायांपासून सुरुवात. कारण डोकं म्हटलं की चेहरा आला, आणि चेहरा आला की "मला चित्र नाही येत" आलंच. पायांना कुणी घाबरत नाही. खूर काढा, बूट काढा, चाकं काढा, झाडाची मुळं काढा, स्टुलाचे तीन पाय काढा. चेहऱ्याची पाळी येईपर्यंत हात सुटलेला असतो.

पाय झाले की कमरेच्या दोन रेघा घडीच्या वर अर्धा सेंटिमीटर न्यायच्या. "नक्की कुठपर्यंत?" हा प्रश्न आला तो इथेच. तेव्हा "थोडं वर" असं म्हणू नका, पट्टीवर अर्धा सेंटिमीटर दाखवा. रेघा कमी पडल्या तर पुढच्याला धड कुठे जोडायचं कळत नाही, आणि जास्त झाल्या तर खालचं गुपित फुटतं. मग तो भाग मागे दुमडायचा, नुसत्या दोन शेपट्या दिसत राहतील असा, आणि कागद उजवीकडे द्यायचा. पुढची व्यक्ती धड काढते, गळ्याच्या दोन रेघा वर सोडते, दुमडते, पुढे देते. शेवटी डोकं.

यात एक सोय आहे, जी पहिल्यांदा लक्षात येत नाही. सगळे एकाच वेळी आपापल्या कागदावर सुरुवात करतात आणि कागद गोल फिरतात, त्यामुळे वर्गात किती मुलं आहेत याने काही बिघडत नाही. तीनने भाग जायला हवा असं काही नाही. कुणी रिकामं बसत नाही, कुणी उरत नाही. बाकांच्या रांगा असतील तर कागद मागे सरकवायचे आणि शेवटच्या बाकावरच्याने आपला कागद पहिल्या बाकावर नेऊन द्यायचा. ते पळण्याचं काम कुणाला द्यायचं हे तुम्हाला माहीत असतंच. प्रत्येक वर्गात असा एक असतो, ज्याला दर पाच मिनिटांनी उठायचं असतं.

प्रत्येक भागाला चार मिनिटं पुरतात. कागद उघडेपर्यंत पेन्सिलच वापरू द्या. स्केचपेन मागच्या बाजूला उमटतो आणि चलाख मुलं कागद खिडकीकडे धरून बघतात. (मोठ्या बायकाही धरतात. फिजिओथेरपिस्ट बाईंना मी दोनदा दम दिलाय.) उघडायचं ते सगळ्यांनी एकदम, तीन म्हटल्यावर. त्या क्षणी जो आरडाओरडा होतो त्याची कल्पना शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आधी देऊन ठेवा.

आमच्या टेबलावर निघालेला एक प्राणी सांगते. खाली बँकवालीने काढलेले कोंबडीचे पाय, एका पायात मोजा. मध्ये टाय लावलेलं, कडक इस्त्रीचं धड, खिशाला पेन. आणि गळ्याच्या त्याच दोन रेघांवर कुणीतरी बसवलेला टेबलफॅन, पाती फिरत असलेला, बटणांच्या जागी डोळे. तिघींपैकी एकीलाही एकटीने हे सुचलं नसतं. "चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हा खेळ इतका उपयोगी पडतो तो म्हणूनच. चित्र कुणाचंच नसतं, त्यामुळे 'चांगलं-वाईट' कुणाला म्हणायचं हा प्रश्नच येत नाही. वर्गातही कागदावर नावं घालायला लावू नका.

नंतर प्राण्याला नाव द्यायचं आणि त्याच्याबद्दल पाच ओळी लिहायच्या. कुठे राहतो, कशाला घाबरतो, त्याची तक्रार काय आहे. निबंध म्हटलं की वाकडं तोंड करणारी मुलं इथे पान उलटून मागे लिहायला लागतात.

शब्दांचा खेळ खेळायचा असेल तर 'कोण, कुठे, कशाने, काय करतात' असे चार भाग करा, पण मराठीत एक अडचण येते. कर्ता लपलेला आणि क्रियापद दुसऱ्याने लिहिलेलं, म्हणजे 'आजी गच्चीवर मिशांना पीळ देतो' असलं काहीतरी निघतं. हसू येतं, पण दर वाक्यात तेच झालं की मजा जाते. कर्ता अनेकवचनी आणि काळ वर्तमान ठेवायचा असं आधीच ठरवून टाका: पोस्टमन, आज्या, माकडं, मंत्री, आणि शेवटी करतात, धुतात, मोजतात. म्हणजे वाक्य व्याकरणात बसतं आणि वेडेपणा अर्थापुरता राहतो. दुसऱ्या फेरीला एकवचन करून बघा. कर्ता-क्रियापदाचा मेळ शिकवण्याचा तास आयता मिळतो.

हळदीचा कागद

हा उद्योग मात्र दोन टप्प्यांचा आहे, आणि पहिला टप्पा मुलांनी करायचाच नाही. तो मैत्रिणींच्या गळ्यात मारा.

कल्पना साधी आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, प्रकाशाने तुटतं, विशेषतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाने. मग कागदच हळदीने रंगवला, त्यावर पान ठेवलं आणि तो उन्हात ठेवला तर? पानाखालची हळद टिकते, बाजूची उडते. वनस्पतींच्या रंगांवर उन्हाचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४२ साली प्रसिद्ध केले. निळ्या रंगाच्या सायनोटाइप छपाईची रीतही त्याच वर्षीची आणि त्याचीच. पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी ती रीत वापरून समुद्रशेवाळांच्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रं असलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. मुलांना अ‍ॅटकिन्सबाई हर्शेलपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांनीही पानासारखीच वस्तू थेट कागदावर ठेवली होती.

आता कृती. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून दोन मोठे चमचे हळद साधारण १०० मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळायची, दहा मिनिटं गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पिवळं स्पिरिट जाड फडक्यातून गाळून घ्यायचं. गाळ कागदावर आला तर ठिपके उठतात. काही जणींना ते ठिपके आवडतात, मला नाही. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा आसपास गॅस, मेणबत्ती, उदबत्ती काही नको, आणि खिडक्या सताड उघड्या. हे काम संध्याकाळीच करा, म्हणजे ऊन नसतं. जाड ड्रॉइंग पेपरवर रुंद ब्रशने किंवा स्पंजने एक हात आडवा, वाळला की दुसरा हात उभा. स्पिरिट भराभर उडून जातं, त्यामुळे थांबत-थांबत लावलं तर पट्टे दिसतात. हात न उचलता या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. आमच्यात हे काम हिशेबवालीला सर्वात सुंदर जमतं. ती गप्पा मारत नाही.

वाळलेले कागद काळ्या पिशवीत किंवा जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून शाळेत न्यायचे. गप्पा मारता-मारता वर्गाला पुरतील इतके कागद एका बैठकीत होतात. नखं पिवळी होतात ती वेगळी.

मुलांना आदल्या दिवशी पानं गोळा करून जाड पुस्तकात दाबून ठेवायला सांगा. हे टाळू नका. ताजं पान उन्हात अर्ध्या तासात वळतं, कडा वर उचलल्या जातात, आणि मग ठसा धूसर येतो. नेच्यासारखी कापीव पानं, गवताची पाती, पातळ कागद कातरून केलेली नक्षी, सगळं चालतं. हळदीचा कागद, त्यावर पान आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचं फोल्डर, चारही बाजूंनी चिमटे लावून घट्ट. काच जास्त चांगली, पण चाळीस मुलं आणि चाळीस काचा ही कल्पना मला सहन होत नाही.

पहिल्या तासाला सगळं उन्हात मांडायचं आणि मधल्या सुट्टीनंतर बघायचं. कडक ऊन असेल तर दोन-तीन तास पुरतात. ढग असतील तर दिवस बदला, हट्ट करू नका. झालं की नाही हे ओळखायची खूण म्हणजे पानाबाहेरचा कागद साईच्या रंगाचा दिसायला हवा. कोपरा वर करून चोरून बघायला कुणालाही परवानगी नाही, कारण पान हललं की दोन पानं छापली जातात.

एक कागद प्रयोगासाठी वेगळा काढा. त्यावर पुठ्ठा ठेवा आणि दर अर्ध्या तासाने दोन बोटं मागे सरकवा. शेवटी पिवळ्यापासून पांढुरक्यापर्यंत पायऱ्या तयार होतात आणि किती वेळ पुरतो हे मुलांना तोंडाने सांगावं लागत नाही. मैत्रिणींना या पट्टीत काडीचा रस नव्हता. वर्गात तिच्यासाठी मारामारी होते.

उन्हातून आणल्यावर नुसता फिक्या पिवळ्यावर पिवळा असा ठसा दिसतो, आणि मुलांचे चेहरे जरा उतरतात. उतरू द्या. मग ताटात पेलाभर पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घेऊन त्यात कागद बुडवायचा. पानाची आकृती बघता-बघता नारिंगी-तांबूस होते. हळद आम्लारीच्या संपर्कात लाल होते, त्याचा हा खेळ. टाकणखार वापरला तर रंग आणखी गडद, तपकिरी लाल येतो, पण तो मुलांच्या हातात देऊ नका. आम्ही आमच्या कागदांना तो हातमोजे घालून वापरतो. बाहेर काढून एकदा साध्या पाण्यातून फिरवला आणि दोरीवर टांगला की झालं. हात धुताना साबण लागताच पिवळी बोटंही लाल होतात. ते आधी सांगू नका. नळावर स्वतःच शोधू दे.

फेसाचा कागद

हा तुलनेने सोपा आणि पसारेवाला. तुर्कस्तानात एब्रू नावाची कला आहे, डिंकासारख्या द्रव्याने दाट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब तरंगवून, ते काडीने ओढून त्यांचा ठसा कागदावर घेण्याची. २०१४ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ती साधायला वर्षं लागतात. आपल्याला एका तासात करायचं आहे, तेव्हा पाण्याऐवजी शेव्हिंग फोम घ्यायचा. फोमच, जेल किंवा क्रीम नको, आणि शक्यतो बिनवासाचा. ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर जाडीचा थर पट्टीने सारखा करा, त्यावर पातळ केलेले रंग थेंब-थेंब सोडा, काडीने आठ-दहा रेघा ओढा आणि थांबा. थांबणं हीच यातली कला. आणखी एक रेघ, आणखी एक रेघ करत गेलं की सगळा चिखल होतो. एका ट्रेमध्ये तीनच रंग द्या, म्हणजे चिखल झाला तरी निदान तो बघवतो.

कागद वर ठेवून तळहाताने अलगद दाबा, उचला, अर्धा मिनिट थांबा आणि जुन्या कार्डाच्या कडेने फेस एका ओढीत खरवडून काढा. खाली संगमरवरासारखी नक्षी राहते. त्याच फेसावर दुसरा कागद टाकला तर ठसा फिका येतो. मला तो पहिल्यापेक्षा आवडतो, त्यावर लिहिता येतं. आम्ही मैत्रिणी त्यांची पाकिटं आणि पुस्तकातल्या खुणा करतो. चार मुलांत एक ट्रे पुरतो. डोळ्यात फेस जाऊ नये म्हणून बाह्या आधीच वर, केस मागे बांधलेले.

आवराआवर

तासाची शेवटची दहा मिनिटं आवरण्याची, हे घड्याळाकडे बघून पाळा, चित्र कितीही रंगात आलेलं असो. फेस आणि हळदीच्या कागदांवर मागच्या बाजूला पेन्सिलने नाव आधीच लिहून घ्या. ओल्या कागदावर कुणाचंच नाव घालता येत नाही आणि वाळल्यावर प्रत्येक सुंदर कागदाला चार मालक निघतात. पुसायचे कपडे ओले करून, पिळून आधीच ठेवा. नळाची रांग निम्मी होते. फेस मोरीत ओतू नका, आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

दोरी वर्गाच्या मागच्या भिंतीला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा. हळदीचे कागद तिथे दोन दिवसांवर ठेवू नका. सोड्यात बुडवले तरी ते प्रकाशाला पक्के होत नाहीत, हळूहळू फिके पडतातच. त्याच दिवशी फोटो काढा आणि चित्रं बंद वहीत जाऊ द्या. फेसाचे आणि घडीचे कागद खुशाल महिनाभर लटकू देत.

आणि मैत्रिणींची चित्रं मैत्रिणींच्या घरी पाठवून द्या. एकदा मी त्यातली काही उगीच मागच्या भिंतीला लावली, तर मुलांनी लगेच विचारलं, "बाई, ही दुसरीतल्या मुलांची आहेत का?"